आक्का, आरसे आणि असो

१२ मार्च

संचालक स्वतः उठून खुर्ची पुढे करतात तेव्हा समजायचं, बातमी बरी नाही. आज त्यांनी खुर्ची ओढली, वर पंख्याचं बटणही दाबलं.

बातमी फ्लेमिंगोंच्या तळ्याची. अठरा पक्षी, आणि सहा वर्षांत एक पिल्लू नाही. "नुसते उभे असतात," साहेब म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, फ्लेमिंगो उभेच असतात." हसले नाहीत. या हंगामात, म्हणजे मेअखेरपर्यंत, अंडं दिसलं नाही तर अठराच्या अठरा पक्षी मोठ्या बागेत जाणार. तिथे त्यांचा दोनशेंचा थवा आहे, दर वर्षी पिल्लं होतात. आमच्या तळ्यात मुलांसाठी पायडलच्या होड्या येणार. काही सुचलं नाही की मी पाणी पिते. साहेबांचा ग्लास रिकामा केला.

दुसरं काम डोकं खाणारं. पाणपक्षी सांभाळणाऱ्या तज्ज्ञांचा जो ऑनलाइन गट आहे, त्यात आपली बाग "दिसत नाही". म्हणून बागेच्या नावाचं खातं आजपासून मी चालवायचं. मी पक्षी विभागाची प्रमुख आहे, पोपटपंची विभागाची नाही, असं ठणकावून सांगायला हवं होतं. ते मला जिन्यात सुचलं. माझी सगळी चांगली उत्तरं जिन्यातच पडलेली असतात.

घरी सगळं सांगितलं. ह्यांनी पेपरमागून "हं" केलं. म्हणून ही वही काढली, हिच्या हातात निदान पेपर नसतो. असो.

१५ मार्च

भावजी येऊन फोनात खातं घालून गेले. ह्यांचे धाकटे भाऊ. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं केस कापायचं दुकान आहे, आणि गिऱ्हाइकांचे फोन चार्जिंगला लावून लावून आपल्याला फोनातलं सगळं कळतं असा त्यांचा समज झालाय.

"वहिनी, इथे वर कोपऱ्यात गोल दिसतो ना? गोलात तुमचा चेहरा असला की तुम्ही बोलताय. बागेचं चिन्ह असलं की बाग बोलतेय. गोलावर बोट ठेवलं की अदलाबदल."

"एका फोनात दोघी?"

"दोघी. फक्त एकमेकींशी भांडू नका म्हणजे झालं."

तो गोल मसुराच्या दाण्याएवढा आहे. चष्म्याशिवाय मला त्यात ना मी दिसत ना बाग. भावजी चहा पीत बसले आणि दुकानात नवे, कडेला दिवे असलेले आरसे बसवणार आहेत त्याचं वर्णन करत राहिले. जुन्यांना अजून काही झालेलं नाही. माणसाला हौस असते.

मग गट उघडून वाचला. देशोदेशीचे तज्ज्ञ लोक म्हणे. एकाने पिल्लाचा फोटो टाकायचा, बाकीच्यांनी हात जोडायचे. दुसऱ्याने पिल्लाचा फोटो टाकायचा, पहिल्याने हात जोडायचे. प्रश्न एकही नाही. अडलेलं कुणाचं काहीच नाही, सगळे आपले यशस्वी. पाच मिनिटांत कारण कळलं. प्रत्येकाचा संचालकही त्याच गटात आहे. साहेबांच्या डोळ्यांदेखत "मला जमत नाही" कोण म्हणणार?

१९ मार्च

आज डॉक्टरांकडून आक्काला तपासून घेतलं.

आक्का म्हणजे तळ्यावरची सगळ्यात म्हातारी मादी. डाव्या पायाच्या सांध्यावर गाठ आहे. फ्लेमिंगो एका पायावर उभे राहतात हे सगळ्या जगाला माहीत आहे, त्यामुळे बघणाऱ्यांना ती लंगडी आहे हे कळतच नाही. पण बाकीचे पाय बदलतात, आक्का बदलत नाही. सकाळी मी बादली घेऊन गेले की सगळे पांगतात, ही एकटी मान वळवून माझ्याकडे असं बघते, जणू मीच उशिरा आले.

डॉक्टरांना सरळ विचारलं, पेटाऱ्यात घालून मोठ्या बागेपर्यंतचा प्रवास तिला झेपेल का. ते आढेवेढे घेणारे गृहस्थ आहेत. पण आज आढेवेढे घेतले नाहीत. "ती पोहोचायची नाही," म्हणाले.

म्हणजे साहेब म्हणतात हंगाम, आणि मला ऐकू येतं आक्का. घरी येऊन भांडी घासताना रडले. कुकरची शिट्टी होत होती तेवढ्यात उरकून घेतलं.

२४ मार्च

बागेच्या खात्यावरून पहिला फोटो टाकला. मावळतीचं तळं. फार कलात्मक वगैरे. तीन जणांनी हात जोडले आणि एकीने बदाम टाकला. ती कोण बघितलं तर मोठ्या बागेची पक्षी विभाग प्रमुख. आमचे पक्षी गिळायला बसलेली बाई, वर बदाम टाकते. जखमेवर मीठ चोळायचं तर निदान गुपचूप चोळावं. खाली तिने विचारलं होतं, "उजव्या कोपऱ्यात एकटी उभी आहे तिचा पाय कसा आहे?"

फोटोत कोपऱ्यात आक्का आली आहे हे माझ्यासुद्धा लक्षात नव्हतं. माल घ्यायच्या आधी पारखून बघतेय. उत्तर दिलं नाही.

२८ मार्च

आज विचारलं. माझ्या नावाने, माझा चेहरा गोलात आहे हे चष्मा लावून दोनदा बघून.

"आमच्याकडे अठरा फ्लेमिंगो आहेत. सहा वर्षांत एकही अंडं नाही. काय चुकतंय ते मला कळत नाही. कुणाला कळत असेल तर सांगा. असो."

इतक्या वर्षांत "मला कळत नाही" हे मी ह्यांनाही कधी म्हटलेलं नाही. संचालक जिन्यात भेटले. "वाचलं," एवढंच म्हणून वर गेले.

१ एप्रिल

चार दिवस झाले. सगळ्यांनी वाचलंय, फोन तसं दाखवतो. बोललं कुणी नाही. मध्ये एकाने हंसाचं पिल्लू टाकलं, त्याला मात्र धो धो हात जोडले गेले. मी भर लग्नात मयताची गोष्ट काढली असं सगळ्यांना वाटलं असणार.

जेवण झाल्यावर डोकं सणकलं. माझ्याच प्रश्नाखाली ताजा कलम म्हणून लिहिलं, "आणि कृपा करून 'संख्या कमी आहे' एवढंच सांगू नका, ते शेंबड्या पोरालाही कळतं. पक्ष्यांपुढे आरसेबिरसे लावून थवा मोठा भासवणं म्हणजे सर्कस. तळं आहे, चिखल आहे, वेळेवर खाणं आहे, आणखी काय हवं? नुसतं रडून काय होणार आहे. असो."

बरं वाटलं. झोपते.

२ एप्रिल

फोन सकाळपासून थरथरतोय.

लांब कुठल्याशा बेटावर बदकं पाळणारे एक गृहस्थ गटात आहेत. आजवर बदकांच्या फोटोंपलीकडे एक अक्षर लिहिलेलं नाही. त्यांचा मजकूर सगळ्यात वर: "आपल्याच बाईंना चारचौघांत असं बोलणं संस्थेला शोभत नाही. बाईंनी प्रामाणिक प्रश्न विचारला आहे. नुसतं रडणं काय म्हणता? आणि आरसे म्हणजे सर्कस नव्हे."

मला कळेना, कोणती बाई, कोणती संस्था. त्यांच्याखाली एका प्राध्यापकांचे चार परिच्छेद. छोट्या थव्याला आपण सुरक्षित आहोत असं वाटत नाही, म्हणून तो घरट्याच्या फंदात पडत नाही. पक्षी मोजत बसत नाहीत, त्यांना फक्त आजूबाजूला गर्दी भासावी लागते, शेजारी आरशातला असला तरी चालतो. शेवटी, "संस्थेने आपल्या तज्ज्ञांचा मान राखावा." त्याखाली मोठ्या बागेची बाई: "हा प्रश्न वाचून मी इतके दिवस गप्प बसले, हे माझं चुकलं."

मग गोल बघितला. बाग.

काल मी स्वतःला बागेच्या नावाने झापलं होतं. घाईघाईत लिहिलं, "माफ करा, चूक माझीच आहे." आणि गडबडीत बोट कुठे लागलं कोण जाणे, या वेळी नेमका गोलात माझा चेहरा. म्हणजे लोकांनी काय वाचलं? संस्थेने दम दिला आणि गरीब बिचारी बाई माफी मागून मोकळी झाली. त्यावर तर सगळे पेटलेच. बदकवाल्यांनी बाईंनी माफी मुळीच मागू नये म्हणून लिहिलं आणि त्याला चाळीस जणांनी दुजोरा दिला. चाळीस माणसं त्या गटात जिवंत आहेत हे मला आज कळलं.

३ एप्रिल

साहेबांनी बोलावलं. खुर्ची पुढे केली नाही.

"बागेच्या नावाने हे कोण बोललं?"

"मीच, साहेब."

"मग माफी कोणी मागितली?"

"तीही मीच."

"कोणाची?"

"माझीच."

त्यांनी छताकडे बघितलं. मी गटात खुलासा करते म्हटलं, तर म्हणाले, थांबा. दोन बागांच्या संचालकांनी सकाळी फोन करून विचारलं म्हणे, तुम्ही स्टाफला इतकं कडक कसं ठेवता. साहेब सुखावले होते. त्यांना त्यांची बायकोही कडक म्हणत नसणार. "खुलासा केलात की चर्चा थंड पडेल. राहू दे काही दिवस. आणि ते आरशांचं काय आहे ते करून टाका, फक्त बाहेरून दिसू देऊ नका, लोक हसतील."

संध्याकाळी भावजींचंही तेच. "दुकानात दोन गिऱ्हाइकांचा वाद लागला ना वहिनी, की रांगेत महिनाभर मुका बसणारासुद्धा तोंड उघडतो. आधी कुणीतरी दोघं लागतात." त्यांना सगळं जग दुकानातूनच दिसतं. मला मात्र पटत नाही. खोटं ते खोटं. पण आक्का खरी आहे. असो.

९ एप्रिल

आठवडाभर दोन्ही गोलांतून बोलतेय. बागेचं चिन्ह आलं की पाठ आपोआप ताठ होते. बागेने खडसावून विचारलं, "आरसे बघून पक्षी बिथरले, तर जबाबदार कोण?" बदकवाल्यांनी बागेला दहा ओळींत गप्प केलं. मग मी माझ्या चेहऱ्याने आभार मानले. गंमत म्हणजे बाग जे विचारते त्या सगळ्या माझ्याच शंका असतात. माझ्या तोंडून त्या कधी निघाल्या नसत्या. मन खातं, तरी विचारत राहते.

मोठ्या बागेच्या बाईने कामाचं सांगितलं: आरसे जमिनीलगत ठेवा, वरून थोडे पुढे झुकवा, आणि मागची बाजू पक्ष्यांना सापडू देऊ नका, नाहीतर शेजारी शोधायला मागे जातात. इथपर्यंत ठीक. मग खाली, "लंगड्या मादीचं कसं आहे? आणि घरटी कोण बांधतं?"

घरटी मी बांधून घेतली आहेत. बागेच्या गवंड्याकडून, चिखलाचे बारा उंचवटे, एका मापाचे, घोटून गुळगुळीत. लोक त्यांचेही फोटो काढतात. हिने इतक्या लांबून त्यात खोट काढायचं काय कारण? लिहिलं, "सोय चोख आहे." तेही बागेच्या नावाने.

१४ एप्रिल

भावजींचे पाच जुने आरसे आज तळ्यावर लागले. कुंपणाच्या आतल्या बाजूला, वेलींच्या मागे लपवून. भावजी स्वतः दुकान बंद ठेवून आले आणि पाण्यात उभं राहून प्रत्येक आरसा असा पुसला जणू पक्ष्यांची दाढी करायची आहे. एकाच्या कोपऱ्यात दुकानातली चिठ्ठी तशीच चिकटलेली राहिली: "आपला नंबर येईपर्यंत धीर धरावा." मी खरवडून काढायला गेले तर म्हणाले, असू द्या, वाचतील.

पक्ष्यांनी आरसे बघितले आणि सगळे पार पलीकडच्या काठाला जाऊन एकमेकांना चिकटून उभे राहिले. दिवसभर तिथेच. बागेची शंका खरी ठरली. मी तिचं अभिनंदन करणार नाही.

१७ एप्रिल

आज आक्का एकटी आरशापर्यंत गेली. लंगडत, मध्ये दोनदा थांबून. चिठ्ठीवाल्या आरशासमोर उभी राहिली. समोर तीही आली. दोघी बराच वेळ एकमेकींकडे बघत होत्या. मग आक्काने मान खाली घालून खायला सुरुवात केली. एवढंच. पण दुपारपर्यंत मागून सहा जण आले होते.

घरी मी हे हातवारे करून सांगितलं. पेपर हलला नाही.

२ मे

नाचताहेत. इतक्या वर्षांत मी हे आमच्या तळ्यावर बघितलं नव्हतं. माना ताठ करून डावीउजवीकडे झटके, मग पंख फाडकन उघडून मिटायचे, मग सगळ्यांनी एकदम एका दिशेला तुरुतुरु चालायचं, आणि आरशातल्यांनीही त्याच वेळी चालायचं. मी कुंपणाला धरून उभी राहिले आणि डोळे पुसत बसले. साहेब येऊन गेले. "उभे नाहीत हे," म्हणाले.

गटात व्हिडिओ टाकला. कौतुक झालं, पण आता तिथे भलतंच सुरू झालंय. जो तो आपलं रडगाणं गातोय. एकाचा पेलिकन मासे उचलतो आणि टाकून देतो. एकीची हंसीण अंड्यावरून उठते ती परत बसत नाही. बदकवाल्यांनी लिहिलं की गेल्या थंडीत त्यांची निम्मी पिल्लं गेली आणि त्यांनी फोटो फक्त उरलेल्यांचे टाकले होते. प्राध्यापकांनी तर कबूल केलं की फ्लेमिंगोंवर त्यांचं पुस्तक आहे, पण ते पक्ष्याच्या दहा हातांच्या आत कधी गेलेले नाहीत, त्यांना भीती वाटते. त्याखाली लोक कामाची उत्तरं देताहेत, एकमेकांना फोन नंबर देताहेत, हंसीण म्हणे परत बसली. दोन संचालकांनीही प्रश्न विचारले. या सगळ्या गोंधळात माझा प्रश्न मात्र कुठल्या कुठे मागे पडला.

१८ मे

सकाळी तिसऱ्या उंचवट्यावर अंडं होतं. मी बादली खाली ठेवली आणि श्वाससुद्धा जपून घेतला. जोडी तरुण, दोघांची तू बसतेस की मी बसू अशी गडबड. मादी उठली, नर बसायला वळला, त्याचा पाय लागला. आमचा गुळगुळीत घोटलेला उंचवटा. अंडं घरंगळत खाली गेलं आणि पाण्यात पडलं. मी कमरेएवढ्या पाण्यात शिरून काढलं. तडकलं होतं.

ते हातात घेऊन किती वेळ उभी होते कोण जाणे. आक्का लांबून बघत होती. तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

१९ मे

गटात लिहिलं. माझ्या नावाने. झालं ते सगळं, उंचवट्यांसकट. बागेच्या नावाने काही लिहिलं नाही, बागेकडे आज कसल्याही शंका उरलेल्या नव्हत्या.

कुणी हात जोडले नाहीत. एकेक जण आपलं फुटलेलं अंडं सांगत गेला. मोठ्या बागेच्या बाईने शेवटी लिहिलं, "त्यांना चिखल द्या, घरटं देऊ नका. चिखल सपाट करू नका, ओला ठेवा, पायांनी तुडवू द्या. चोचीने एकेक गोळा ओढून स्वतः रचतात तेव्हा वरती खळगा ठेवतात. लंगडीलाही जमेल तेवढं ओढू द्या."

ही गोष्ट ती एप्रिलमध्येच विचारत होती. मला तिचा आवाज ऐकूच आला नाही, कारण तो तिचा होता. आता उपयोग नाही. हंगामाचे बारा दिवस उरलेत.

२१ मे

उपयोग नाही म्हणत म्हणत कुदळ घेतली आणि बाराही उंचवटे फोडले. गवंडी बघत होता. त्याचा चेहरा बघवेना, तेव्हा त्याच्याही हातात कुदळ दिली. मग पाइप लावून सगळा काठ राड करून टाकला. चपला चिखलातच राहिल्या, घरी अनवाणी गेले. ह्यांनी पेपर किंचित खाली करून माझ्या पायांकडे बघितलं आणि परत वर घेतला. थोड्या वेळाने दारात गरम पाण्याची बादली दिसली. भावजी आले असतील मधे.

३० मे

मुदत उद्या संपते म्हणून जड पायांनी साहेबांच्या खोलीत गेले. साहेब म्हणाले, "तुमचं नशीब. मोठ्या बागेकडून पत्र आलंय, त्यांची जागा अजून तयार नाही. जुलैअखेर म्हणतात."

दोनशे पक्ष्यांची बाग, आणि अठरा पक्ष्यांची जागा तयार नाही. एवढी मोठी संस्था आणि नियोजनाचा हा आनंद. आमच्याकडे असा कारभार झाला असता तर लोकांनी नावं ठेवली असती. पण मला काय, मी साहेबांचा ग्लासभर पाणी पिऊन बाहेर पडले. जिन्यात पेढे वाटावेसे वाटले.

११ जून

चिखल ओढताहेत. वेडेवाकडे ढिगारे, एकही एका मापाचा नाही. एक तर आरशाला अगदी टेकून रचलाय, म्हणजे आरशातल्यांचाही तयार होतोय. आक्का ढिगारा रचत नाही. दुसऱ्यांच्या ढिगाऱ्याजवळ जाते, एक गोळा ठेवते, पुढे जाते. चुलतसासू घरोघर जाऊन फोडणीत मीठ घालते तसं.

बाईला कळवलं. तिने लगेच विचारलं, "आणि लंगडीचं खाणंपिणं?" मी पहिल्यांदाच नीट उत्तर दिलं. तिने पुढे विचारलं, मी पुढे सांगितलं. तिच्याकडेही अशी एक होती म्हणे. अर्धा तास गेला. बाई वाईट नसावी. पक्षी घेणार आहे ही गोष्ट वेगळी.

२३ जून

अंडं. चिठ्ठीवाल्या आरशासमोरच्या ढिगाऱ्यात. नर बसायला वळला, पाय लागला, अंडं खळग्यात हललं आणि खळग्यातच राहिलं.

भावजींना फोन केला. "नंबर लागला," एवढंच म्हटलं. त्यांना कळलं.

२२ जुलै

पिल्लू. राखाडी, ओलं, गुलाबीचा पत्ता नाही, चोचही सरळ. कुणाला सांगितलं नाही तर कोंबडीचं वाटावं. तळ्याजवळ उभ्या उभ्या साहेबांनी माझ्यासमोर मोठ्या बागेला फोन करून पक्षी पाठवणं रद्द केलं. मी त्यांना मिठी मारणार होते, पण ते कडक आहेत.

दुपारी पिल्लाचा बाप घाबरून उठला तेव्हा आक्का हळूहळू जवळ गेली. पिल्लाच्या आणि पाण्याच्या मधे उभी राहिली. बाप परत येईपर्यंत हलली नाही.

२५ जुलै

आज खोटं संपवलं. साहेबांना विचारलं नाही, फक्त कळवलं. गटात लिहिलं:

"एप्रिलमध्ये मला झापणारी बाग मीच होते. चुकून झालं, पण पुढे मी ते चालू ठेवलं, कारण तुम्ही सगळे बोलायला लागला होतात आणि मला तुमची गरज होती. आमच्या साहेबांनी मला कधीही दम दिलेला नाही, ते तसे नाहीत. पिल्लू मात्र खरं आहे. ज्यांनी माझी बाजू घेतली त्यांची क्षमा मागते. या वेळी दोघींकडून. असो."

फोन उलटा ठेवून पोळ्या लाटायला घेतल्या. आता गटातून काढून टाकतील, नाहीतर परत सगळे मुके होतील, असं वाटत होतं. थोड्या वेळाने फोन थरथरला तो थरथरतच राहिला. बदकवाल्यांनी लिहिलं होतं की बागेशी केलं तेवढं भांडण त्यांनी आयुष्यात कुणाशी केलं नव्हतं आणि त्यामुळे त्यांची गप्प बसायची सवय गेली ती गेलीच, आता त्यांच्या बदकांबद्दलचा हा नवा प्रश्न बघा. प्राध्यापक पुढच्या महिन्यात आक्काला भेटायला येताहेत, दहा हातांवरून. हंसिणीवालीने खाली विचारलं होतं, पिल्लू आरशात बघतं का.

मोठ्या बागेच्या बाईचा निरोप वेगळा आला, फक्त मला.

"मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बागही 'असो' म्हणून थांबते आणि तुम्हीही."

मी लाटणं ठेवलं. म्हणजे ही बाई सगळं ओळखून दोघींना वेगवेगळी उत्तरं देत होती. पिठाच्या हातांनीच लिहिलं, "मग बोलला का नाहीत?"

"तुमच्याकडे दोघीच होत्या. त्यातली एक कमी कशाला करू?"

पाणी प्यायले. मग काहीतरी लिहायचं म्हणून विचारलं, "आता पक्षी येणार नाहीत. तुमची ती जागा झाली का तयार?"

उत्तर यायला जरा वेळ लागला. तेवढ्यात पेपरमागून आवाज आला, "आक्का जेवली का आज?" मी वळून बघितलं. आक्काचं नाव ह्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते. म्हटलं, जेवली. "पाय?" ह्यांनी विचारलं. म्हटलं, तसाच आहे. "आणि आजही चपला चिखलात ठेवून आलीस ना? मी दुसऱ्या आणून ठेवल्यात, दाराजवळ." त्या गरम पाण्याच्या बादलीचंही तेव्हा समजलं.

फोन वाजला. बाईने लिहिलं होतं, "जागा तर मार्चपासून तयार आहे. असो."

मी ते दोनदा वाचलं आणि फोन ह्यांच्या पुढे धरला. ह्यांनी पेपर घडी करून खाली ठेवला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "सुरुवातीपासून सांग."